बाबांचा गिलावा

ओली साडी वाऱ्याने फुगते आहे... उंच चौकोनी पोकळीत, दोरीवर आडवी टाकलेली, हिरव्या काठांची, धुऊन धुऊन विटलेली आईची सुती साडी. ती पोटात वारा भरून घेते, क्षणभर तशीच तरंगत राहते आणि मग सावकाश खाली येते. तिच्या काठावरून एखादा थेंब सुटतो नि खाली चटईवर पडलेल्या माझ्या कपाळावर येऊन टपकतो. साडीच्या वर, फार वर, उजेडाच्या उभ्या फटी दिसतात आणि त्या फटींतून कबुतरांचं घुमणं पाझरत येतं. बाहेर दुपार पेटलेली असते, पण इथे, या पोकळीच्या बरोबर खाली, ओल्या सुताचा, निळीचा आणि किंचित वाळ्याचा वास घेऊन गारवा अंगावर उतरत असतो... माझं बालपण मला आठवतं ते असं, उताणं पडलेलं.

ती पोकळी म्हणजे आमच्या घराचा बर्जील. वाऱ्याचा मनोरा. दुबईच्या बर दुबई भागात, खाडीच्या काठाला लागून असलेल्या जुन्या मोहल्ल्यात अशी मनोऱ्यांची घरं दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्यामधून इतक्या अरुंद गल्ल्या गेल्या होत्या, की समोरून डोक्यावर ओझं घेतलेला माणूस आला तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या, म्हणजे दिवसभर एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूला पुरते. भिंती हातभर जाडीच्या, समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या. लहानपणी मी त्या दगडात नखाने कोरून बारीक शिंपले काढत असे. मोत्यांचा आणि कापडाचा व्यापार करणाऱ्यांनी बांधलेली ती घरं. पण आम्ही तिथे राहायला गेलो तोवर त्यांचे मालक एसीवाल्या नव्या बंगल्यांत निघून गेले होते आणि जुन्या घरांच्या खोल्या आमच्यासारख्यांना भाड्याने दिल्या जात होत्या. आमचे मालक अबू सालेम. त्यांच्या घरात अंगणाभोवती चार बिऱ्हाडं, त्यांतलं एक आमचं. बर्जीलखालची खोली आम्हाला मिळाली याचं कारण आमचा मान मोठा होता असं नव्हे. वरून धूळ आणि कबुतरांची पिसं पडतात म्हणून ती कुणालाच नको होती.

आईने मात्र ती खोली पाहिली, मान वर केली आणि म्हणाली, “अगं बाई, इथे तर फुकटचा पंखा आहे!” दुसऱ्या दिवशी तिने त्या पोकळीत दोरी बांधून घेतली. ओली साडी लावायची युक्ती तिला कुणी शिकवली कोण जाणे. शेजारणी म्हणत, आम्ही शिकवली, आणि आई म्हणे, मला सुचली. तो वाद आमचं घर सुटेपर्यंत मिटला नाही. थंडीत फळ्या लावून बर्जीलचं तोंड बंद करायचो. संध्याकाळी वारा पडला की बर्जील उलटा चालायचा — खालची गरम हवा वर ओढून न्यायचा — आणि मग आईची लसणीची फोडणी खाडीपर्यंत जाऊन पोचायची. बाबा अब्र्यातून, म्हणजे त्या उघड्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडून कामावरून परत येत. ते शपथेवर सांगत की आज घरी काय शिजलं आहे ते त्यांना पाण्यावरच कळतं. मसाल्याच्या गोण्या, होड्यांचं डिझेल, शेजारच्या घरातला उदाचा धूप आणि त्यांत आमची आमटी... आजही यांतले दोन वास एकत्र आले की मी चालता चालता थांबते.

बाबांची ओळख करून द्यायला हवी. ते गिलाव्याचे मुकादम होते. चिपळूणजवळच्या आमच्या गावात गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलत ते हे काम शिकले आणि दुबईला आले ते खांद्यावरच्या पिशवीत स्वतःची थापी घेऊन. त्या थापीची मूठ त्यांच्या तळव्याच्या मापाने झिजली होती, तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यांना एक खोड होती. कुणाच्याही घरी जावोत, दवाखान्यात, शाळेत, अगदी देवळाच्या गल्लीतसुद्धा, ते भिंतीजवळ उभे राहत आणि वाकवलेल्या बोटाच्या सांध्याने ती वाजवून बघत. टण्. मग दोन वीत सरकून पुन्हा टण्. आणि मध्येच कुठेतरी, बद्द. “हे बघ मनू, इथे पोकळ आहे. गिलावा सुटलाय. वरून कितीही गोंडस दिसू दे.” माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या खोलीत त्यांनी हे केलं तेव्हा धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं होतं. पण जो कायदा दुसऱ्यांना, तोच स्वतःला. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी लावलेली भिंत बद्द वाजली, तर ते कुणाची वाट न बघता छिन्नी घेऊन ती स्वतः फोडत. एकदा तर वर रंगसुद्धा लागलेला होता. कंपनीचा इंजिनियर ओरडत राहिला. बाबा फोडत राहिले.

अशा माणसाच्या घरच्या भिंती मात्र झडत होत्या... आणि त्यावरून आई त्यांना बोलून बोलून बेजार करी. त्या जुन्या भिंतींना आतून पांढऱ्या मातीचा मऊ लेप होता. उन्हाळ्यातली दमट हवा आली की त्याला मीठ फुटायचं, पिठासारखं बारीक, आणि मग तो लेप पापुद्र्या-पापुद्र्याने गळायचा. कणकेत गळायचा, लोणच्याच्या बरणीवर, गाद्यांवर, माझ्या वहीच्या पानांवर. देवांवरसुद्धा; कारण आमचे देव भिंतीतल्या कोनाड्यात होते. त्या घरांना सुंदर कोनाडे असायचे, वर कमान असलेले, रांगेने. मूळ मालकांनी तिथे अत्तरदाण्या नि दिवे ठेवले असतील. आईने मधला कोनाडा पुसून घेतला आणि त्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण नि समई मांडली. रोज सकाळी ती देवांच्या अंगावरची भुकटी झटकायची आणि म्हणायची, “सगळ्या दुबईच्या भिंती गुळगुळीत करून या, आणि घरी आमच्या बाळकृष्णाला पावडर लावा!”

शेवटी बाबा हट्टाला पेटले. अबू सालेमना विचारलं, ते म्हणाले, “कर बाबा, यल्ला!” सिमेंट आलं, चाळलेली रेती आली. ते दिवस लक्षात घ्यायला हवेत... खाडीपलीकडे रोज एक नवी इमारत उठत होती आणि सगळ्यांचा देव एकच होता, सिमेंट. जुनं ते पडकं, मातीचं ते गरिबाचं, आणि सिमेंट म्हणजे कायमचं. बाबांना त्यात तिळमात्र शंका नव्हती. आपण या म्हाताऱ्या घराला टणक करतो आहोत, त्याचं आयुष्य वाढवतो आहोत असंच त्यांना वाटे. जुना लेप खरवडताना ते त्या भिंतीशी मायेने बोलायचे, “थांब, थांब, आता तुझी सगळी खाज घालवतो.” दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, थोडं थोडं काम चाले आणि आम्ही सगळं बिऱ्हाड खोलीच्या मध्यभागी ढीग करून त्याच्याभोवती नांदायचो.

कोनाड्याचं काम शेवटी राहिलं, आणि ते नेमकं गौरी यायच्या दिवशी निघालं. बाबांनी पहाटेच उठून कोनाडा आतून-बाहेरून गुळगुळीत ओढला, कमानीची कड थापीच्या टोकाने चाकूसारखी काढली आणि मोठ्या ऐटीत ते आईची वाट बघत उभे राहिले. आई खाडीवरून परतत होती. आमच्यात गौर खड्यांची. गावी ती नदीवरून आणायची, इथे आई खाडीच्या काठावरचे खडे वेचून तबकात घालून आणायची, आणि आणताना बोलायचं नसतं म्हणून तोंड घट्ट मिटून घ्यायची. त्या दिवशी ती दारात आली, तिने ओला कोनाडा पाहिला आणि तिचा चेहरा जो काही झाला... पण बोलता येईना! तिने डोळ्यांनीच बाबांना काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. खडे पाटावर ठेवले, नमस्कार केला आणि मग बांध फुटला.

“अहो, आज गौरी यायच्या, आणि तुम्ही त्यांची जागा ओली करून ठेवलीत?”

“उद्या बसव की. एका दिवसाने काय बिघडतंय?”

“त्या काय तुमच्या साइटवरच्या आहेत, उद्या या म्हणून सांगायला?”

आईने रांगोळीचा डबा उघडला, चिमूट सोडून पाहिली; ओल्या सिमेंटवर ती पांढरी रेघ क्षणात काळी पडून गेली. पावलं तर काढायला हवीत. पावलांशिवाय गौर आत येणार कशी? आई जरा वेळ कोनाड्यासमोर उभी राहिली. मग तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या, उजव्या हाताची मूठ वळली आणि मुठीची कड त्या मऊ सिमेंटमध्ये अलगद दाबली. एक पाऊल उठलं. मग डाव्या मुठीचं. “मनू, ये, तुझी बोटं बारीक आहेत.” पावलांची बोटं मी काढली, माझ्या बोटांच्या टोकांनी, जीभ बाहेर काढून, श्वास धरून. कोनाड्याच्या पुढच्या कडेपासून आतल्या भिंतीपर्यंत, इवली इवली पावलं, सरळ भिंतीत चालत गेल्यासारखी. ओल्या सिमेंटचा तो गार, कडवट वास अजून माझ्या नाकात आहे.

सिमेंट हाताला खातं. संध्याकाळपर्यंत आईच्या मुठींच्या कडा लाल झाल्या, आग आग व्हायला लागली. बाबा तिला रागावले आणि रागावता रागावता तिचे हात मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळत बसले. कोनाड्याकडे बघत म्हणाले, “माझी फिनिशिंग बिघडवलीस.” पण तो भाग त्यांनी पुन्हा ओढला नाही. पुढे दर वर्षी आई त्याच ठशांत हळदकुंकू भरायची. पाहायला आलेल्या अबू सालेमना ती पावलं कसली ते बाबांनी त्यांच्या मोडक्या अरबीत काय समजावलं ते देव जाणे, पण त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, “जैन, वल्ला जैन!” म्हणजे छान, खरंच छान, असं म्हणाले आणि बाबांकडून सगळ्या घराला तसाच गिलावा करून घेतला. सगळं घर करडं, गुळगुळीत, टणक झालं. पोळ्यांतले खडे गेले. बाबा येता-जाता भिंत वाजवत. टण्. “खणखणीत!”

पण एक-दोन उन्हाळ्यांनी भिंतीच्या पायथ्याशी काळपट ओल दिसू लागली. वरून दिलेल्या रंगाला फोड आले. बाबा चक्रावले. त्यांनी रेतीला दोष दिला, पाण्याला दिला, कबुतरांनाही दिला. फोड खरवडून वर पुन्हा सिमेंट लावलं, आधीपेक्षा कडक. ओल आणखी वर चढली. हे असं का होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ती समुद्राची भिंत होती. तिला दमट दिवसांत ओल प्यायची आणि कोरड्या दिवसांत ती सोडायची सवय होती. तो मऊ लेप गळत होता तो भिंतीतलं मीठ बाहेर नेत होता. सिमेंटने ते सगळं आतच कोंडून टाकलं... मलाही हे खूप उशिरा समजलं.

मी शाळेत वरच्या वर्गात असताना तो मोहल्ला जतन करायचा असं ठरलं. काही घरं त्याआधीच पाडली गेली होती, उरलेली राखायची, जशी होती तशी पुन्हा उभी करायची. आम्हाला अर्थातच निघायला सांगितलं. कुणी वाईट वागलं नाही. मुदत दिली, अबू सालेम स्वतः येऊन बाबांना मिठी मारून गेले. आईने शेवटच्या दिवशी कोनाडा धुतला, देव स्टीलच्या डब्यात ठेवले आणि दोरीवरची साडी उतरवली. मग दुबईतल्याच करामा वस्तीतला फ्लॅट, मग शारजाचा. बाबा शारजालाच वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी दुबई मरीनाला एका उंच इमारतीत नोकरी करते, तिथल्या काचा उघडत नाहीत आणि वारा म्हणजे फक्त खालच्या पाण्यावर दिसणारी थरथर.

आई मात्र त्या मोहल्ल्यात पुन्हा कधी गेली नाही. मी पाहुण्यांना घेऊन जायची, तिला कितीदा म्हटलं असेल. “भाड्याचं घर ते. त्याचं काय बघायचं?” म्हणून ती विषय उडवून लावायची, पण टॅक्सीत बसली की ड्रायव्हरला हळूच सांगायची, “भैया, क्रीक के साइड से लो.” गेल्या हिवाळ्यात तिचं गावी कायमचं परतायचं ठरलं. गुडघे, एकटेपण, आणि गावीच वाढलेला माझा भाऊ चिपळूणला बोलावत होता. सामान बांधून झालं होतं. त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवत ती एकदम म्हणाली, “मनू, एकदा यांचा गिलावा बघून येऊ या.”

घर नाही म्हणाली. यांचा गिलावा म्हणाली. मला मात्र ठाऊक होतं. मी ते घर पाहिलं होतं. भिंती पुन्हा पांढऱ्या, मऊ लेपाच्या झाल्या होत्या, सिमेंटचा कण शिल्लक नव्हता. आमची खोली तेवढी नेहमी कुलूपबंद असे. मी तिला काहीच सांगू शकले नाही. माझी लेक इरा सोबत आली.

अंगण तसंच होतं, फक्त फार स्वच्छ. आई दारातच थबकली आणि भिंतींकडे बघत राहिली. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे. “सगळा काढला गं...” एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात आमच्या जुन्या खोलीचं दार उघडून एक तरुण मुलगी बाहेर आली, अंगात काळा पायघोळ अबाया, हातावर पांढऱ्या भुकटीचे डाग. मरियम तिचं नाव. घराच्या दुरुस्तीचं काम बघणाऱ्यांपैकी एक. म्हातारीला उभं बघून तिने लगबगीने खुर्ची दिली आणि इथल्या पुष्कळ लोकांना येतं तसं सहज हिंदी बोलू लागली. आईने विचारलं, वो कमरा देख सकते क्या?

आत गेलो. वर बर्जील, त्याच उजेडाच्या फटी. समोर तीन कोनाडे. दोन पांढरेशुभ्र, आणि मधला करडा. बाबांचा. चाकूसारखी कड तशीच होती. खालच्या बाजूला पावलं, धुळीने भरलेली, भिंतीत चालत गेलेली. बाजूला एक पाटी होती, अरबीत आणि इंग्रजीत: नंतरच्या काळातली अयोग्य दुरुस्ती.

“ये एक ही बचा है, आंटी,” मरियम सांगत होती. “बाद में किराएदारों ने सीमेंट लगाया था. ये समुंदर का पत्थर है, इसको साँस चाहिए. सीमेंट ने पूरा नमक अंदर बंद कर दिया. ये निशान हैं ना, इसलिए हमने रखा. कोई बोलता है बच्चे के पैर हैं, कोई बोलता है खिलौने के. पर अब दीवार अंदर से खराब हो रही है. इस हफ़्ते निकालेंगे.”

आईला पाटी वाचता आली नव्हती, पण हे सगळं समजलं. ती ताठ झाली. “वो हमारे मिस्टरने लगाया,” ती म्हणाली. “और पाँव मैंने बनाया. ऐसा.” आणि तिने हवेत मूठ वळून दाखवली.

मरियमने तोंडावर हात ठेवला. ती कानकोंडी झाली, आधी त्या पाटीकडे आणि मग आईकडे बघत राहिली. गौरी कोण, पावलं कशाला, हे आईने तिला सांगितलं तेव्हा ती त्या कोनाड्यापुढे गुडघ्यांवर बसून ऐकत होती. मग उठली आणि म्हणाली, “आंटी, आप बोलो तो मैं ऑफिस में बात करती हूँ. रख लेंगे. बोर्ड बदल देंगे, उनका नाम लिखेंगे. इन्शाल्ला, मान जाएँगे.”

इराने माझा हात दाबला. “आजी, से येस!” मीही मनातल्या मनात तेच ओरडत होते. बाबांचं नाव कुठल्याही इमारतीवर नाही. या शहरातल्या कितीतरी भिंतींना त्यांचा हात लागला, त्यांतली एकही आम्हाला ओळखून दाखवता येणार नाही. हा एवढा वीतभर कोनाडा... तो राहावा, एवढंच मला हवं होतं.

आई पुढे झाली. तिने उजवा हात उचलला, मधलं बोट वाकवलं आणि सांध्याने कोनाड्याच्या पाठीवर वाजवलं. बद्द. जरा सरकून पुन्हा. बद्द. अगदी बाबांसारखी मान कलती करून ती ऐकत होती. खालून वरपर्यंत तिने तो कोनाडा वाजवला आणि तो सगळीकडे पोकळ वाजला. मग तिने शेजारच्या, नव्याने लिंपलेल्या पांढऱ्या भिंतीवर हात ठेवला.

“निकालो बेटा,” ती म्हणाली. “वो होते ना, तो खुद निकालते.”

मरियमने तो गिलावा आईसमोरच काढायचं ठरवलं. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. कारागिराने फटीत छिन्नी सरकवली, हलकेच ठोकलं, आणि बाबांचा गिलावा फार त्रास न देता तुकड्यांनी सुटून आला. इतकी वर्षं तो नुसता उभा होता, धरून काहीच नव्हता. मागची भिंत उघडी पडली. काळीभोर, ओलसर. खोलीत एकदम समुद्राचा वास पसरला, शिंपल्यांचा, शेवाळाचा, खूप दिवस झाकून ठेवलेल्या पाण्याचा. आईने पुढे होऊन तिच्यावर तळवा टेकला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. “अजून ओली आहे गं,” ती म्हणाली, आणि बाबा गेल्यावर जे मी तिला रडताना पाहिलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मी तिच्या खांद्याला धरून उभी राहिले. मलाही रडू येत होतं आणि ते मी आवरलं नाही.

पावलांचा एक तुकडा अखंड निघाला होता. मरियमने तो मऊ कागदात गुंडाळून आईच्या हातात ठेवला. आईने कागद उघडून पाहिला, कडेवरची धूळ पदराने पुसली आणि तो तिला परत दिला. मला म्हणाली, “आत गेलेली पावलं आहेत ती मनू. बाहेर कशी नेऊ?” मरियमला मी ते सांगितलं. तो तुकडा आता त्याच घरात, वरच्या खोलीतल्या कपाटात आहे. अयोग्य दुरुस्तीची पाटीही निघाली.

आई चिपळूणला गेली. फोन करते तेव्हा आधी इराचं विचारते, मग माझ्या तब्येतीचं, आणि मग नेमाने, “भिंत वाळली का?” कारण मरियम म्हणाली होती, घाई करून चालत नाही, उघडी ठेवायची, आपलं आपण सगळं मीठ बाहेर टाकू द्यायचं, पूर्ण वाळली की मगच वरून पांढरा लेप. मग तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागला होता हे कुणाला कळणारही नाही. रविवारी मी जाते. बर्जीलखाली उभी राहते, वरून वारा उतरत असतो, आणि त्या भिंतीवर तळवा ठेवून बघते. हिवाळाभर तो ओला होऊन यायचा. उन्हाळ्यात गारवा तेवढा जाणवायचा. तळव्याला मिठाची भुकटी लागायची, आईच्या कणकेत पडायची तीच.

गेल्या रविवारी गेले तर हात कोरडा आला. मी दुसरा हात लावून पाहिला. मग बोट वाकवून वाजवलं, खाली, वर, कमानीजवळ. सगळीकडे भरीव. मरियम म्हणाली, “खलास, सूख गई. नेक्स्ट वीक लेप लगाएँगे.” मी तिचे आभार मानले आणि गल्लीत येऊन सावलीच्या बाजूने चालत राहिले.

संध्याकाळी आईचा फोन आला. इराचं झालं, माझं झालं.

“आणि भिंत? वाळली का गं?”

“नाही आई,” मी म्हटलं. “अजून जराशी ओल आहे.”

“असू दे,” आई म्हणाली. “घाई कसली आहे.”